जुन्या घरात मिड-सेंच्युरी फर्निचर: निवडीपासून निगेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत, म्हणजे साधारण १९४५ ते १९७० या काळात जे फर्निचर बनलं, त्याला आता सरसकट ‘मिड-सेंच्युरी’ म्हणतात. खाली निमुळते होत जाणारे पाय, जमिनीपासून उचललेली कपाटं, कोरीवकामाला फाटा आणि लाकडाच्या रेषा उघड्या ठेवलेल्या. हे सगळं घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या काचांची, बुटक्या छताची नवी घरं होती. त्यामुळे उंच छत, जाड भिंती आणि नक्षीदार चौकटी असलेल्या जुन्या घरात ते शोभेल का, अशी शंका येते. शोभतं. माझ्या मते नव्या घरापेक्षा तिथेच ते जास्त खुलतं. अट एकच, सामान कमी हवं. या फर्निचरची निम्मी शोभा त्याच्या खालच्या आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागेत असते. ती जागा भरून टाकली, तर खोलीत नुसतं जुनं सामान उरतं.

खाली जो क्रम दिला आहे, तो शक्यतो मोडू नका. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. आधी खुर्ची आवडते, ती घरी येते आणि मग तिच्यासाठी खोली शोधावी लागते.

पहिलं काम घराचं

घर या फर्निचरच्या काळातलं आहे की त्याहून जुनं, हे आधी ठरवा. दोन्हींत कामं वेगळी आहेत.

घर १९५०-६० च्या सुमाराचं असेल, तर अर्धी सजावट आयती मिळालेली असते. टेराझोची फरशी, भिंतीतच बसवलेली कपाटं, लाकडी पॅनेलची एखादी भिंत, रंगीत टाइल्सचं बाथरूम, जाळीच्या ठोकळ्यांचा आडोसा. लोक हौसेनं आधी हेच फोडतात आणि नंतर त्याच काळातल्या खुर्च्या शोधत फिरतात. फोडण्याआधी काही महिने त्या घरात राहून पाहा. गुलाबी किंवा पिस्ता रंगाच्या टाइल्स नकोशा वाटतात, तेव्हा पुष्कळदा दोष टाइल्सचा नसून त्यांच्या मधल्या काळवंडलेल्या सांध्यांचा असतो. सांधे खरवडून नवीन भरले, टाइल्सच्या वरची भिंत साध्या पांढऱ्यात रंगवली आणि नळ बदलले की तेच बाथरूम जाणीवपूर्वक केल्यासारखं दिसतं.

टेराझो म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून घासलेली फरशी. ती निस्तेज झाली म्हणजे वाया गेली असं नाही. वरचा थर मळलेला किंवा झिजलेला असतो, मशिननं घासून पुन्हा चकाकी आणता येते. मात्र व्हिनेगर, लिंबू किंवा अ‍ॅसिडवाला क्लीनर तिच्यावर कधीही टाकू नका. संगमरवर आणि सिमेंट दोन्ही आम्लानं खाल्ली जातात. पाणी आणि सौम्य साबण पुरे.

जुन्या कपाटांच्या बिजागऱ्या आणि मुठी रंगाच्या थरांखाली दडलेल्या असतात. त्या काढून, धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजत ठेवल्या की बराचसा रंग सुटून येतो. पितळ निघालं तर ते तसंच ठेवा. मात्र ॲल्युमिनिअमच्या मुठी सोड्यात टाकू नका, त्या काळ्या पडतात.

घर त्याहून जुनं असेल तर काम उलटं. छताची नक्षी, दारांची पॅनेलं, शेकोटीची चौकट हे सगळं ठसठशीत असतं आणि फर्निचर मितभाषी. इथे नक्षी काढून टाकायची नसते, तिचा आवाज खाली आणायचा असतो. भिंत, चौकट, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) आणि छताची पट्टी एकाच रंगात रंगवा. रंगाचा फरक गेला की नक्षी फक्त सावलीतून दिसते आणि समोरचं साधं लाकूड उठून येतं. पांढऱ्या चौकटी आणि गडद भिंती ही जोडी एरवी छान दिसते, पण या फर्निचरमागे ती फार रेघा ओढते.

धोका कुठे असतो

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. जुन्या घरात दोन गोष्टी तपासल्याशिवाय घासकाम सुरू करायचं नाही.

एक म्हणजे शिसं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, इतर देशांत वेगवेगळ्या वेळी. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं हे गृहीत धरूनच चालायचं, मग तो रंग दारावर असो वा एखाद्या रंगवलेल्या टेबलावर. असा रंग कोरडा घासू नका आणि गरम हवेच्या बंदुकीनं जाळू नका. धूळ आणि वाफ दोन्ही घातक, विशेषतः लहान मुलांना आणि गर्भवतींना.

दुसरं अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून आत गेले की घातक ठरणारे खनिज तंतू. जुन्या विनाइल आणि अस्फाल्टच्या टाइल्समध्ये, त्यातही नऊ इंची चौरस टाइल्समध्ये, आणि त्यांच्या खालच्या काळ्या डिंकात ते अनेकदा सापडतं. टाइल अखंड असेल तोवर धोका कमी असतो. खरवडली, फोडली, घासली की तंतू हवेत जातात. तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत हात लावू नका. कित्येकदा वरून नवी फरशी टाकून ती झाकणं हाच शहाणा मार्ग असतो.

याच टप्प्यात इलेक्ट्रिशियनला बोलवून वायरिंग आणि अर्थिंग पाहून घ्या. पुढे दिव्यांसाठी नवे पॉइंट लागणारच आहेत, ते भिंती रंगवण्याआधी काढलेले बरे.

मापं घ्या आणि जमिनीवर आखा

मिड-सेंच्युरी फर्निचर बुटकं असतं. आरामखुर्चीची बैठक जमिनीपासून ३५ ते ४० सेंटिमीटरवर, जेवणाच्या खुर्चीची ४५ च्या आसपास आणि साइडबोर्डची, म्हणजे दारं-खण असलेल्या लांब, बुटक्या कपाटाची, उंची बहुधा ७५ ते ८० सेंटिमीटर. साइडबोर्डची लांबी मात्र दोन मीटरच्याही पुढे जाऊ शकते. म्हणून खोलीच्या आधी दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजा. बऱ्याच साइडबोर्डांचे पाय काढता येतात, पण पेटी लहान होत नाही.

मग कागदी चिकटपट्टीनं जमिनीवर फर्निचरची आखणी करा आणि दोन-चार दिवस त्या रेघांभोवती वावरा. येण्याजाण्याच्या वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर हवेत, सोफा आणि सेंटर टेबल यांत ४० ते ४५. खिडकीच्या कट्ट्याची उंचीही लिहून ठेवा. बुटका साइडबोर्ड खिडकीखाली बसतो तेव्हा उजेड आडत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

छत उंच असेल तर बुटक्या फर्निचरच्या वर भली मोठी रिकामी भिंत उरते. ती पाहून उंच कपाट आणायचा मोह होतो. आणू नका. त्याऐवजी भिंतीवर टांगायची शेल्फ पद्धत पाहा. स्वीडनच्या निसे स्ट्रिनिंगनं १९४९ मध्ये केलेलं तारेच्या शिड्यांचं ‘स्ट्रिंग’ शेल्फ किंवा डीटर राम्सचं १९६० चं ‘६०६’ ही त्यातली नावाजलेली उदाहरणं. जमीन मोकळी राहते आणि भिंत वापरात येते. शेल्फ नको असेल तर एकच मोठं चित्र लावा, छोट्या फ्रेमांची गर्दी नको. साइडबोर्डवर चित्र लावताना मध्ये १५ ते २५ सेंटिमीटर सोडा. त्याहून वर गेलं की चित्र आणि फर्निचर एकमेकांना ओळखत नसल्यासारखी दिसतात.

जुन्या घराची जमीन क्वचितच सपाट असते. बारीक पायांवर हे लगेच कळतं, टेबल डुलतं आणि साइडबोर्डच्या दारांमधली फट तिरकी होते. पायाखाली कागदाची घडी घालण्यापेक्षा स्क्रूनं उंची बदलणारे छोटे बूट बसवा, त्याखाली फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा लावा.

काय आधी घ्यायचं

लांब, बुटका साइडबोर्ड पहिला. तो हॉल, जेवणघर, झोपायची खोली कुठेही चालतो, सामान पोटात घेतो आणि एकटाच खोलीचा सूर ठरवतो. मग एक चांगली आरामखुर्ची. त्यानंतर जेवणाच्या खुर्च्या, आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या असाव्यात असं मुळीच नाही. सोफा सगळ्यांत शेवटी, आणि तो नवा घेतला तरी चालेल. जुन्या सोफ्याच्या आतलं सगळं बदलावंच लागतं. साध्या रेषांचा, पाय दिसणारा नवा सोफा या मंडळींत सहज मिसळतो.

मोठ्या नावांच्या मागे धावायचं का? धावण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. हान्स वेग्नरची १९४९ ची विशबोन खुर्ची, आर्ने याकोब्सनची १९५५ ची सेव्हन, चार्ल्स आणि रे ईम्स यांची १९५६ ची लाउंज खुर्ची या सगळ्या आजही अधिकृतपणे तयार होतात. म्हणजे बाजारात त्या काळातली अस्सल, आजची अस्सल आणि नक्कल अशा तीन गोष्टी एकाच नावानं फिरतात. वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या चंदिगडसाठी केलेल्या साग आणि वेताच्या खुर्च्यांना भाव आला, तशा त्यांच्या नकलाही बोकाळल्या. शिक्का, लेबल, जुनी पावती असं काही नसेल, तर नावाचे पैसे देऊ नका, समोरच्या वस्तूचे द्या. अनामिक सुतारांनी आणि छोट्या कारखान्यांनी त्या काळात इतकं उत्तम काम केलं आहे की नावाशिवायही घर सुंदर सजतं.

शिसवाबद्दल एक सावधगिरी. ब्राझीलच्या शिसवावर, म्हणजे डालबर्जिया नायग्रावर, १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचं सर्वांत कडक बंधन आहे. २०१७ मध्ये त्या वंशातल्या बाकी जातीही नियंत्रणाखाली आल्या. असं फर्निचर परदेशातून मागवायचं किंवा सोबत न्यायचं असेल, तर कागदपत्रांची चौकशी आधी करा.

पारख: वस्तू उलटी करून पाहा

विकणारा वरची बाजू पुसून ठेवतो. खरी माहिती खाली, मागे आणि आत असते. टॉर्च आणि टेप घेऊन जा आणि घाई करू नका.

खुर्ची असेल तर आधी बसा, मग दोन्ही हातांनी पाठ धरून हलकेच मागे-पुढे हलवा. सांधा किंचित हलत असेल तर हरकत नाही, तो पुन्हा चिकटवता येतो. सांध्याजवळ लाकडालाच चीर गेली असेल तर ते काम कठीण. कुणीतरी सांध्यात खिळा किंवा स्क्रू ठोकला असेल, तर आणखी कठीण, कारण तो काढताना लाकूड फुटतं. प्लायवूडच्या वाकवलेल्या खुर्चीत पाठ आणि पाय जोडणारे रबरी गोल तुकडे पाहा. ईम्सच्या खुर्च्यांत हे रबर लाकडाला चिकटवलेलं असतं, आणि वयानं त्याची पकड सुटते. लाउंज खुर्चीची पाठ अशानं बसल्या-बसल्या निखळू शकते.

साइडबोर्डाचा खण पूर्ण बाहेर काढा. कोपरे डोव्हटेलच्या, म्हणजे पक्ष्याच्या पसरट शेपटीसारख्या, खाचांनी गुंफलेले असतील तर चांगली खूण. खणाच्या तळाची पातळ पाटी खाली झोळली आहे का, खण सरकतो त्या पट्ट्या झिजल्या आहेत का, हे पाहा. नंतर पाठीची पाटी. ती नवी, स्टेपल मारलेली असेल तर ‘का बदलली?’ असं विचारा. मधोमध वजनानं पेटी खाली वाकली आहे का हे पाहायला वरच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला की लोक वस्तू नकली ठरवतात. तसे स्क्रू १९३० च्या दशकातच वापरात आले, त्यामुळे १९५५ च्या टेबलात ते असण्यात काहीच वावगं नाही.

व्हेनिअर, म्हणजे साध्या पाटीवर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, दिसलं म्हणूनही नाक मुरडू नका. रुंद पृष्ठभागासाठी उत्तम कारखान्यांनीही व्हेनिअरच वापरलं, कारण अखंड फळी हवामानानं वाकते. पाहायचं ते एवढंच, की कडा उचकटल्या आहेत का. नखानं हलकेच टकटक करत जा. पोकळ आवाज आला तिथे खालचा सरस सुटला आहे. छोटा फुगा दुरुस्त होतो, पण कोपऱ्यातले मोठे तुकडे गायब असतील तर तोच रंग आणि त्याच रेषा जुळवणं महागात जातं. लाकडाच्या रेषांचा एकच नमुना ठरावीक अंतरानं पुन्हा-पुन्हा आला, तर ते लाकूड नसून छापील कागद आहे.

आता कीड. फर्निचर पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची भोकं १ ते २ मिलिमीटरची, गोल असतात. भोकं असणं म्हणजे कीड जिवंत असणं नव्हे. वस्तू काळ्या कागदावर ठेवून ठोका. फिकट, ताजी भुकटी पडली तर आत कुणीतरी राहतंय. अशी वस्तू उपचार होईपर्यंत घरात घेऊ नका, विशेषतः घराचे वासे, जिना आणि जमीन लाकडाची असेल तर.

शेवटी वास. खणात डोकं घाला. कुबट वास उन्हाळी हवेत उघडं ठेवून बराच कमी होतो. सिगारेटचा वास चिवट, पण आतून लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिला की तो बंद होतो. कापडात मुरलेला वास मात्र कापडाबरोबरच जातो.

घासण्याआधी पुसा

जुन्या फर्निचरचं सर्वांत जास्त नुकसान पॉलिश पेपर करतो. त्या काळातलं व्हेनिअर बहुधा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ असतं. मशिन फिरवलं की काही सेकंदांत खालचं लाकूड दिसतं, आणि त्यावर इलाज नाही. शिवाय साठ वर्षांच्या उजेडानं लाकडाला आलेला रंगही घासण्यात निघून जातो. म्हणून आधी फक्त स्वच्छ करा. मऊ कापड, कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण, कापड घट्ट पिळलेलं, आणि लगेच कोरड्या कापडानं पुसून घ्यायचं. मेणाचे आणि हातांच्या तेलाचे जुने थर यानं जात नसतील, तर मिनरल स्पिरिटचा, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रवाचा, बोळा फिरवा, खिडक्या उघड्या ठेवून. ‘पॉलिश करावंच लागेल’ असं वाटणाऱ्या निम्म्या वस्तू एवढ्यावरच उजळतात.

तरीही निस्तेज असेल तर आधीचा थर कसला आहे ते शोधा. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यानं तपासणी करायची. मेथिलेटेड स्पिरिटनं थर चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण लॅकर थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही आणि लाकूड स्पर्शाला उघडं लागत असेल तर बहुधा तेलाचं फिनिश, सागाच्या डॅनिश फर्निचरवर हे सर्रास सापडतं. दोन्हींना दाद न देणारा पण चकचकीत जाड थर असेल तर ते नंतर कुणीतरी मारलेलं पॉलियुरेथेन.

तेलाच्या फिनिशची दुरुस्ती सोपी आणि घरी करण्याजोगी. अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून लाकडाच्या रेषेच्या दिशेनं हलक्या हातानं फिरवा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, उरलेलं तेल पूर्ण पुसून काढा. पुसलं नाही तर चिकट थर बसतो आणि धूळ पकडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. ‘टीक ऑइल’ नावाची बाटली सागापासून काढलेली नसते. ते बहुधा जवसाचं किंवा टंग झाडाच्या बियांचं तेल आणि पातळ करणारं द्रव यांचं मिश्रण असतं, तेव्हा नावावर जाऊ नका.

आणि हे नीट लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं कापड आपोआप पेट घेऊ शकतं. वापरलेली फडकी बाहेर सपाट पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

लाखेवरचे पांढरे गोल डाग म्हणजे थरात अडकलेली ओल. स्पिरिटनं जेमतेम ओलावलेला बोळा अलगद फिरवला तर ते पुष्कळदा जातात. काळे डाग लाकडात उतरलेले असतात. ते काढण्याच्या भरीस पडू नका, त्यावर दिवा ठेवा.

सिलिकॉनचे फवारे तर घरातूनच हद्दपार करा. आज चमक देतात, पण पुढे नवं पॉलिश करायची वेळ आली की सिलिकॉन शिरलेल्या जागी थर माशाच्या डोळ्यासारखा फुटतो.

सांधे, विणकाम आणि गादी

सैल सांधा दुरुस्त करायचा म्हणजे आधी पूर्ण उघडायचा. जुन्या डिंकावर नवा डिंक धरत नाही. जुना सरस गरम पाण्यानं आणि थोड्या व्हिनेगरनं मऊ होतो. साफ केल्यावर नवा सरस किंवा लाकडाचा पांढरा गोंद लावून क्लॅम्पनं रात्रभर आवळा. स्क्रू, खिळा, लोखंडी कोन यांपैकी काहीही नको. मौल्यवान खुर्ची असेल तर हे काम जाणत्या सुतारालाच द्या, आणि पैसे ठरवण्याआधी ‘सांध्यात खिळा मारणार का?’ असं विचारा. उत्तरावरून माणूस कळतो.

विशबोनसारख्या खुर्चीची बैठक पिळलेल्या कागदी दोरीची असते, एका बैठकीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. मळली असेल तर ओल्या, पिळलेल्या कापडानं पुसा. तुटली तर गाठ मारून भागत नाही, नव्यानं विणावी लागते. हाताला सवय असेल तर घरी जमतं, नाहीतर विणणाऱ्याकडे द्या. वेताची जाळी झोळली असेल पण तुटली नसेल, तर तिला खालच्या बाजूनं ओल्या गरम फडक्यानं भिजवा आणि सावलीत सावकाश वाळू द्या. वेत आकसतो आणि जाळी ताणली जाते.

आरामखुर्चीच्या गादीखाली त्या काळात रबरी पट्टे लावलेले असत. ते आता कडक झालेले किंवा तुटायला आलेले असतात, बदलून टाका. जुना फोम हाताला भुकटीसारखा लागला तर तोही काढा. कापड मूळचं असेल तर ते फेकू नका, उसवून नवीन कापड बेतायला नमुना म्हणून वापरा आणि नंतर जपून ठेवा. पुढे कधी खुर्ची विकायची झाली तर घेणाऱ्याला त्यात रस असतो.

मांडणी

भिंतींना टेकवून सगळं मांडायची सवय सोडा. या फर्निचरची पाठही तितकीच नीट घडवलेली असते. खुर्ची किंवा सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढला की खोली मोठी वाटते. शेकोटी किंवा मोठी खिडकी असेल तर बैठक तिच्याकडे वळवा, टीव्हीकडे नको.

लाकडी जमिनीवर लाकडी फर्निचर ठेवताना रंगांची गल्लत होते. सागाचा नारिंगी तपकिरी आणि जमिनीचा नारिंगी तपकिरी जवळजवळ सारखे असले तर दोन्ही मळकट दिसतात. मध्ये एक मोठा, फिकट, आखूड लोकरीचा गालिचा घाला. खुर्च्यांचे पुढचे पाय तरी त्यावर यायला हवेत. लाकडं वेगवेगळी असली तर बिघडत नाही. साग, अक्रोड आणि एखादी रंगवलेली वस्तू एका खोलीत नांदतात, फक्त त्यांतलं एक लाकूड ठळकपणे जास्त हवं.

खोलीत या काळातल्या वस्तू निम्म्याच असाव्यात असं माझं मत आहे. मोहरी रंगाचा सोफा, सूर्यकिरणांचं घड्याळ, बूमरँगच्या आकाराचं टेबल आणि नक्षीचे पडदे एकत्र आले की घराचं प्रदर्शन होतं. मोहरी, ऑलिव्ह, मोरपंखी हे रंग खरेच त्या काळाचे, पण उशीत किंवा एका खुर्चीवर पुरेत. भिंतींना सागासमोर निळसर राखाडी, फिका हिरवा किंवा पिवळट पांढरा चांगला दिसतो. निखळ पांढरा जुन्या भिंतींचे खड्डे-उंचवटे दाखवतो.

दिवे

छताच्या मधोमध एकच दिवा लावून हे फर्निचर कधीच चांगलं दिसत नाही. उजेड खाली आणा. जेवणाच्या टेबलावरचा टांगता दिवा टेबलापासून ७० ते ८० सेंटिमीटर वर असावा, छत कितीही उंच असो. पॉल हेनिंगसेननं १९५८ मध्ये केलेला पीएच ५ दिवा याच विचाराचा, बल्ब कुठूनही डोळ्यांत येत नाही. इसामू नोगुची यांनी १९५१ पासून केलेले कागदी अकारी दिवे उंच छताखाली विशेष शोभतात, मोठे असूनही जड वाटत नाहीत. खुर्चीशेजारी एक उभा दिवा आणि साइडबोर्डवर एक बुटका असे खोलीत तीन-चार उजेड पुरतात. बल्ब २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, घ्या, पांढऱ्या उजेडात साग राखाडी दिसतो.

जुना दिवा घेतला तर वायर, होल्डर आणि प्लग बदलल्याशिवाय लावू नका. धातूचा असेल तर अर्थिंगची तार हवी. एलईडी कमी तापतो, त्यामुळे जुन्या प्लास्टिकच्या आणि कागदी शेड्सचं आयुष्यही वाढतं.

वर्षभराची निगा

लाकडाला हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत स्थिर लागते. हीटर किंवा एसीचा झोत थेट अंगावर येईल अशा जागी साइडबोर्ड ठेवू नका, व्हेनिअर तिथूनच उचकटतं. उजेडाचा परिणाम लाकडागणिक वेगळा. अक्रोड उन्हानं फिका पडतो, शिसवही उतरतं. खिडकीला पातळ पडदा लावा आणि साइडबोर्डवरच्या वस्तूंच्या जागा दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर फुलदाणीखाली गडद गोल उमटतो.

तेलाच्या फिनिशला वर्षातून एकदा तेल पुरतं, जेवणाच्या टेबलाला दोनदा. लाखेवर आणि लॅकरवर तेल नको, क्वचित मेणाचा पातळ हात पुरे. पायांचे स्क्रू वर्षातून एकदा आवळा. साइडबोर्ड हलवायचा असेल तर आधी रिकामा करा, खण काढा, दारं कापडी पट्टीनं बांधा आणि दोघांनी उचला. ओढत नेला तर निमुळत्या पायांच्या मुळाशी लाकूड चिरतं.